आधी ऐकू तर येऊ दे

१३, १४, १५ आणि १६ ही चार चॅनेल मुकी, बाकी सगळी बोलती. जुना २३ चॅनेलचा सीबी रेडिओ, म्हणजे ट्रकवाल्यांचा एकमेकांशी बोलायचा संच, असं दुखणं घेऊन टेबलावर आला की मला मनापासून आनंद होतो. कारण हा रेडिओ उघडायच्या आधीच बरंचसं सांगून टाकतो.

१९७०च्या दशकातल्या या संचांमध्ये चॅनेल तयार करणारी चिप नव्हती. प्रत्येक चॅनेलला ऐकण्यासाठी एक आणि बोलण्यासाठी एक असे क्वार्ट्‌झचे क्रिस्टल लावायचे म्हटले, तर २३ चॅनेलना ४६ क्रिस्टल लागले असते, आणि क्रिस्टल तेव्हा महाग होते. म्हणून इंजिनिअरांनी तोड काढली. सहा क्रिस्टलचा एक गट, चारचे दोन गट. सहातला एक आणि चारातला एक यांच्या कंपनसंख्या एकमेकींत मिसळायच्या की एक चॅनेल तयार. सहा चोक चोवीस, म्हणजे तेवीसना पुरेशी. चारचा एक गट ऐकण्यासाठी, दुसरा बोलण्यासाठी. एकूण १४ क्रिस्टलमध्ये सगळा संसार. त्यामुळे सलग चार चॅनेल गेली असतील तर सहाच्या गटातला एक गेला. २, ६, १०, १४ अशी चाराचाराच्या अंतराने गेली असतील तर चारच्या गटातला. त्यातही बोललेलं बाहेर जातंय पण ऐकू येत नाही, असं असेल तर ऐकण्याच्या गटातला. झाकणाचे स्क्रू काढायच्या आधी, नुसतं चॅनेलचं बटण फिरवून आणि कागदावर आकडे मांडून, दोष कुठे आहे ते कळतं. आजच्या एखाद्या यंत्राकडून इतका सरळ जबाब मिळत नाही.

माझ्याकडच्या या संचात क्रिस्टल मेलाही नव्हता. त्याच्या एका पायाशी ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला जोड होता. प्लॅस्टिकच्या काडीने हलकंच दाबलं की चौदावर कोणीतरी बोलू लागायचं, काडी उचलली की गप्प. जुनं सोल्डर काढलं, नवं लावलं, चारही चॅनेल परत आली.

मी राहतो तो भाग क्वाड सिटीज म्हणून ओळखला जातो. मिसिसिपीच्या एका काठावर आयोवातलं डेव्हनपोर्ट आणि बेटनडॉर्फ, दुसऱ्या काठावर इलिनॉयमधलं मोलीन आणि रॉक आयलंड. इथे शेतीची यंत्रं बनतात, आणि त्याच कामामुळे पुण्याहून इथे आलेली मराठी मंडळी बरीच आहेत. मीही त्यातलाच. डेव्हनपोर्टच्या पश्चिमेला, आय-८० महामार्गाच्या २८४ नंबरच्या एक्झिटला वॉलकॉट आहे आणि तिथे ‘आयोवा ८०’ नावाचा ट्रकचा थांबा. जगातला सर्वांत मोठा, असं ते स्वतःच सांगतात आणि बघितल्यावर खरं वाटतं. तिथे ट्रकवाल्यांसाठी दंतवैद्य आहे, न्हावी आहे आणि सीबी रेडिओचं दुकानही आहे. या दुकानाच्या काचेपाशी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा हे सगळं माझ्या मागे लागलं.

सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, सामान्य माणसाचा रेडिओ. १९५८ साली अमेरिकेच्या एफसीसीने, म्हणजे तिथल्या दळणवळण नियामक संस्थेने, २७ मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा एक चिंचोळा पट्टा हौशी रेडिओवाल्यांकडून काढून लोकांना दिला. परीक्षा नाही, मोर्स नाही. शक्ती मात्र मोजून मापून: आजही ए.एम.वर ४ वॉट, बस्स. बरीच वर्षं तो शेतकरी, प्लंबर, टॅक्सीवाले वापरत राहिले. मग ऑक्टोबर १९७३मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, डिझेल मिळेना, आणि जानेवारी १९७४मध्ये ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. मैलांवर पैसे मिळवणाऱ्या ट्रकवाल्याच्या पोटावरच पाय. कुठल्या पंपावर डिझेल आहे, पुढे पोलीस कुठे लपलाय, हे एकमेकांना सांगायला सीबीइतकं सोपं काहीच नव्हतं. डिसेंबर १९७३मध्ये पेन्सिल्व्हेनियात ट्रकवाल्यांनी रस्ता अडवला, एकमेकांना सीबीवरून हाका मारून. तोही हाच आय-८०, माझ्या घरापासून काही मैलांवरून जाणारा.

पुढच्या दोनतीन वर्षांत सीबीचं वेड देशभर पसरलं. टोपणनाव घेऊन बोलायची पद्धत इतकी रुळली की १९७६च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड ‘फर्स्ट मॉमा’ या नावाने सीबीवर आल्या. १ जानेवारी १९७७ पासून २३ची ४० चॅनेल झाली. १९८३ साली परवान्याची अटही गेली. चॅनेल ९ आणीबाणीसाठी, १९ महामार्गासाठी. आता ट्रकवाल्याच्या खिशात फोन आहे, नकाशा आहे, त्याचे तास मोजणारं यंत्र आहे. १९वर शुकशुकाट वाढलाय. पण बर्फाचं वादळ आलं, पुढे अपघात होऊन रस्ता तुंबला, की आजूबाजूच्या दोनचार मैलांत काय चाललंय हे त्याच दोनचार मैलांतला माणूस सांगू शकतो, आणि त्याचा फोन नंबर आपल्याकडे नसतो.

आता मुद्द्याचं. दुरुस्तीला संच घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच तक्रार घेऊन येतो: पॉवर कमी पडतेय, वाढवून द्या. इथे त्यासाठी एक आख्खी बाजारपेठ आहे. आवाज फुगवणारे माइक, घुमवणारे एको, आणि कायद्याने बंदी असूनही शेकडो वॉटचे लिनियर, म्हणजे बोलण्याची शक्ती वाढवणारे ॲम्प्लिफायर. मी नाही म्हणतो. नियम तोडायचा नाही हे एक झालंच, पण त्याहून मोठं कारण असं की माणसाची तक्रारच चुकीच्या टोकाला असते. त्याचा रेडिओ बोलायला कमी पडत नाही, ऐकायला कमी पडतो.

हिशोब साधा आहे. सिग्नल किती जोरात आला ते दाखवणाऱ्या मीटरवर एक घर म्हणजे ६ डेसिबल. समोरच्याचा सिग्नल एक घर वर सरकायला त्याची शक्ती चौपट व्हावी लागते: चाराचे सोळा वॉट. तीन घरं सरकायची तर चौसष्ट पट, म्हणजे अडीचशे वॉट. ते झालं समोरच्याने करायचं काम. पण मी माझ्याकडची खरखर तीन घरं खाली आणली तर? तो चार वॉटवरच असतो, आणि मला मात्र तो अडीचशे वॉट लावल्यासारखा ऐकू येतो. कोणाचीही परवानगी लागत नाही, कोणाला त्रास होत नाही. आणि अशी तीन घरं खरोखर मिळतात, बहुतेक वेळा आपल्याच घरात मिळतात.

आधी रेडिओचे कान बघायचे. चाळीस-पन्नास वर्षं जुन्या संचात इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकलेले असणार हे धरूनच चालायचं. आवाज दबलेला येतो, पुरवठ्याची घुमी मिसळते, कधी व्हॉल्यूम वाढवला की मोटारबोटीसारखं फटफट सुरू होतं. ते सगळे बदलावेत, एकेक करून, टोकं नीट बघून. त्या काळच्या काही बोर्डांवर मोठे भाग हलू नयेत म्हणून कारखान्यात पिवळसर गोंद लावलेला असे. वर्षं गेली की तो तपकिरी होतो आणि ओल धरून हळूहळू वीज वाहू देतो, शेजारच्या तारांचे पाय कुरतडतो. बाहेरून नुसता डाग दिसतो. तो खरवडून काढल्याशिवाय कितीही भाग बदला, संच ताळ्यावर येत नाही. चॅनेलच्या बटणाचे आणि व्हॉल्यूमचे संपर्क साफ करायचे. अँटेना लावायच्या खोबणीमागचं सोल्डर भिंगाखाली बघायचं, कारण केबल ओढून ओढून तिथे केसाइतकी गोल चीर पडलेली असते.

आणि मग त्या चौकोनी पत्र्याच्या डब्या. प्रत्येक डबीत एक गुंडाळी, आणि तिच्यात वरखाली होणारा फेराइटचा, म्हणजे एका चुंबकीय पदार्थाचा, बारका स्क्रू. रेडिओ किती बारीक सिग्नल पकडेल हे या डब्यांच्या जुळणीवर असतं. कोणीतरी कधीतरी लोखंडी स्क्रूड्रायव्हर घेऊन ‘पीक’ (peak) करायला, म्हणजे जास्तीत जास्त जोर काढायला, बसलेला असतो. फेराइट ठिसूळ, जरा तिरका जोर लागला की आतल्या आत दुभंगतो, मग ती डबी कायमची घट्ट. जुळणीला प्लॅस्टिकचं हत्यार लागतं, स्क्रू जागेवर धरून ठेवणारं मेण वितळवायला धीर लागतो. मी बोलण्याच्या बाजूच्या डब्यांना शक्यतो हातच लावत नाही. ऐकण्याच्या बाजूला मात्र पुरता वेळ देतो: चाचणीच्या सिग्नल जनरेटरमधून सिग्नल देत जायचं आणि कमी करत जायचं, जेमतेम ऐकू येईल इतका बारीक, आणि तेवढ्यावर एकेक डबी पाव पाव वळसा फिरवायची. मोठ्या सिग्नलवर जुळणी करू नये. मोठ्या सिग्नलला रेडिओ आपला आपण कान आवरून घेतो, आणि आपल्याला वाटतं सगळं उत्तम आहे.

संच बरा झाला की खरी अडचण सुरू होते. जो रेडिओ टेबलावर कापसासारखा हलका सूं सूं करत होता, तो घरातल्या पुरवठ्यावर आणि छपरावरच्या अँटेनावर लावला की खरखरीचा लोंढा. मीटरचा काटा सातावर जाऊन बसलेला, आणि बोलणारं कोणीच नाही.

जुन्या रेडिओंना गोंगाटाची सवय होती, पण तो गोंगाट वेगळा होता. १९७०च्या दशकात मुख्य शत्रू म्हणजे गाडीच्या स्पार्क प्लगची ठिणगी. टक टक टक, प्रत्येक टक अतिशय आखूड आणि दोन टकांमध्ये भरपूर मोकळी जागा. त्यासाठी चांगल्या संचांत ‘नॉइज ब्लँकर’ असायचा. तो ठिणगी ओळखून तेवढ्याच क्षणापुरता रेडिओचा कान बंद करतो आणि लगेच उघडतो. तो चाळणीच्या, म्हणजे हवा तेवढाच चॅनेल गाळून घेणाऱ्या फिल्टरच्या, आधी बसवलेला असतो, कारण अरुंद चाळणीतून गेल्यावर आखूड ठिणगी लांबते आणि मग तिला कापायचं तर बोलणंही कापलं जातं. त्या काळाच्या मानाने काय देखणी अक्कल आहे! पण आजचा गोंगाट टकटकीचा नाही. एलईडी दिव्याच्या आतला ड्रायव्हर, मोबाइलचा चार्जर, छपरावरच्या सोलरचा इन्व्हर्टर, व्यायामाच्या ट्रेडमिलचा मोटर कंट्रोल, हे सगळे सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करतात. त्यात मोकळी जागाच नाही. ब्लँकरला कान कधी उघडावा ते कळत नाही. बटण दाबलं तरी फरक पडत नाही म्हणून लोक म्हणतात ब्लँकर बिघडलाय. तो बिघडलेला नसतो.

म्हणून शोध घ्यावा लागतो, आणि ते काम मला दुरुस्तीइतकंच आवडतं. रेडिओ १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावायचा. तळघरात जाऊन घराचा मेन बंद करायचा. खरखर गेली तर चोर घरात, नाही गेली तर बाहेर. मग एकेक ब्रेकर वर करत जायचं. आमच्याकडे मेन बंद केल्यावर काटा सातावरून दोनावर आला. वरून बायकोचा आवाज आला, “अरे, मीटिंग चालू आहे माझी, राउटर कशाला बंद केलास?” तिची मीटिंग संपेपर्यंत थांबलो आणि पुन्हा सुरू केलं. स्वयंपाकघराच्या ओट्यावरची एलईडीची पट्टी, हॉलमधल्या फिश टँकचा दिवा आणि जुन्या लॅपटॉपचा बिननावाचा चार्जर, हे तिघे निघाले.

तो चार्जर मी उघडला. बोर्डावर विजेच्या तारा आत शिरतात तिथे फिल्टरच्या गुंडाळीची आणि कंडेन्सरची जागा छापलेली होती, बारीक अक्षरांत भागाचे नंबरही होते, आणि तिथे काहीच बसवलेलं नव्हतं. गुंडाळीच्या जागी सरळ तारेचा तुकडा. म्हणजे ज्याने आराखडा काढला त्याला गोंगाट अडवायचा कसा हे पक्कं माहीत होतं. नंतर कोणीतरी चार पैसे वाचवले. इथे विकल्या जाणाऱ्या अशा उपकरणांच्या पाठीवर छापलेलं असतं की हे यंत्र घातक अडथळा निर्माण करणार नाही. मला त्या रिकाम्या जागेचा राग येतो. खरोखर येतो. एका घरात अशा वीस वस्तू, एका गल्लीत चारशे, आणि २७ मेगाहर्ट्‌झवर सगळ्यांचा मिळून एक धुरळा. तो दिसत नाही, त्यामुळे त्याबद्दल कोणी ओरडत नाही.

उपाय आहेत. खराब चार्जर फेकून चांगला घेणे हा पहिला. जिथे ते शक्य नाही तिथे फेराइटची कडी. ‘३१’ नंबरच्या मिश्रणाची घ्यावी, ती या पट्ट्यावर चांगली चालते. वायर कडीतून नुसती एकदा ओवून फारसं काही होत नाही. पाच-सहा वेढे घ्यावे लागतात, कारण अडवण्याची ताकद वेढ्यांच्या वर्गाने वाढते. अँटेनाच्या केबलवरही अशीच कडी हवी, नाहीतर केबलची बाहेरची जाळीच घरातली खरखर उचलून वर नेते. आणि अँटेना घरापासून जितकी लांब नेता येईल तितकी न्यावी. यावर खर्च केलेला डॉलर लिनियरवर खर्च केलेल्या डॉलरपेक्षा कितीतरी पटीने कामाला येतो.

काही खरखर मात्र गल्लीतल्या विजेच्या खांबावरून येते. ढिला बोल्ट, तडकलेला इन्सुलेटर, त्यात बारीक ठिणगी. इथली वीज ६० हर्ट्‌झची, ठिणगी प्रत्येक फेऱ्यात दोनदा, म्हणून तिचा सूर १२०चा, एकसुरी, दातात शिरणारा. कोरड्या थंडीत तो वाढतो, पावसात अनेकदा अगदी नाहीसा होतो. शेजारचे आजोबा, तरुणपणी ट्रक चालवलेले, आणि मी असे दोघे खिशातला ए.एम. रेडिओ घेऊन खांबाखांबाखाली हिंडलो. त्यांना ऐकू कमी येतं, पण हा सूर त्यांनी माझ्या आधी पकडला. खांबाचा नंबर लिहून वीज कंपनीला कळवला. दुरुस्त व्हायला बराच काळ गेला, पण झालं.

गाडीतली खरखर हा स्वतंत्र विषय आहे, थोडक्यातच सांगतो. ॲक्सिलरेटरबरोबर सूर चढणारी शिट्टी असेल तर ती अल्टरनेटरची. रेडिओची वायर सिगारेट लायटरच्या खोबणीतून न घेता थेट बॅटरीवरून घ्यावी. बॉनेट, दारं, सायलेन्सरचा पाइप हे जाड जाळीदार पट्टीने सांगाड्याला जोडावेत, नाहीतर प्रत्येक सुटा पत्रा स्वतःच अँटेना होऊन बसतो.

एक गोंगाट असा आहे ज्यावर उपाय नाही, आणि तो नसावा असं मला वाटतही नाही. सूर्यावर डाग वाढले की आकाशातला आयनांचा थर २७ मेगाहर्ट्‌झला परत खाली वळवू लागतो. सूर्य आपल्या चक्राच्या शिखरावर असल्याचं नासाने ऑक्टोबर २०२४मध्ये जाहीर केलं. त्या हिवाळ्यात दुपारी १९ लावलं की वॉलकॉटचा ट्रकवाला बाजूला आणि फ्लोरिडातला, टेक्सासमधला, कॅरिबियनमधला स्पॅनिश बोलणारा, सगळे एकावर एक. शिट्ट्यांचा नुसता कालवा. त्या शिट्ट्याही सार्थ असतात: दोन संचांच्या कंपनसंख्येत काहीशे हर्ट्‌झचा फरक असला की तेवढ्याच उंचीचा सूर ऐकू येतो. जुने क्रिस्टल थोडे थोडे सरकलेले असतात, प्रत्येक आपापल्या दिशेने. पूर्वी २५० किलोमीटरपलीकडच्या माणसाशी सीबीवर बोलायलाच बंदी होती. २०१७ साली ती काढली. शांत झालेल्या माझ्या घरात, बॅटरीवर चालणाऱ्या संचावर, चार वॉटवाले कितीतरी जण त्या कालव्यातूनही वेगळे काढता येतात.

पुण्याला गेलो की मित्र विचारतात, हे आपल्याकडे का नाही? आपल्याकडे २००५ साली या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या संचांना परवान्यातून सूट मिळाली, पण तोवर हातात मोबाइल आला होता आणि गरज लक्षात येण्याआधीच निघून गेली. तरीही २७ मेगाहर्ट्‌झ आपल्या घरांत येऊन गेलेलं आहे. जत्रेतल्या, बाजारातल्या रिमोटच्या गाड्यांच्या पोटावर ‘२७’ असा आकडा छापलेला असायचा, तो हाच. सीबीच्या चॅनेलांमध्ये मधे मधे सोडलेल्या मोकळ्या जागांत त्या खेळण्यांचे सिग्नल बसतात.

२०२१ साली एफसीसीने सीबीवर एफ.एम.लाही परवानगी दिली. एफ.एम.मध्ये खरखर बरीच कमी होते, हे खरंच आहे. आता लोक जुना संच घेऊन येतात आणि म्हणतात, यात एफ.एम.चा बोर्ड बसवून द्या. मी बसवत नाही. त्याने संचाची मूळ मान्यता जाते, आणि चाळीस वर्षं टिकलेल्या बोर्डावर तारा चढवून त्याला धड जुना ठेवत नाही की नवा करत नाही. एफ.एम. हवं असेल तर नवा संच घ्यावा, चांगले मिळतात. जुन्याचे कंडेन्सर बदलावेत, गोंद काढावा, घरातले तीन चोर पकडावेत आणि त्याला ए.एम.वर १९ला लावून ठेवावं. वॉलकॉटच्या एक्झिटजवळ आलेला ड्रायव्हर पुढचा वजनकाटा उघडा आहे का हे अजून ए.एम.वरच विचारतो.